आबा माझ्या गाडीत बसेनात

मलकापूरला हायवेच्या कडेला माझा जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा धंदा आहे. पत्र्याची शेड, समोर खडी टाकलेलं मोकळं मैदान, त्यात धुऊन-पुसून उभ्या केलेल्या पंधरा-वीस गाड्या. रोज कोणी ना कोणी येतो, दोन गाड्यांच्या मधे उभा राहतो आणि विचारतो, काका, हिच्यात आणि तिच्यात चांगली कोणती? मी आधी त्याच्या चपला बघतो. सोबत बायको आली आहे की मेव्हणा, ते बघतो. मग जी गाडी माझ्या मैदानात जास्त दिवस अडून बसली असेल ती चांगली म्हणून सांगतो. यात लाजण्यासारखं काही नाही, धंदा आहे. पण बाविसाव्या वर्षी दोन गाड्यांची तुलना मी अगदी खऱ्या मनानं केली होती, लागोपाठ दोन वर्षं केली होती, आणि माझ्या बाजूचे सगळे मुद्दे बिनतोड होते. तरी मी हरलो. ते कसं, हे लिहायला मी एवढी वर्षं टाळाटाळ केली, कारण त्यात शहाणा म्हणून कुठंच माझं नाव येत नाही.

आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, वडनेर भोलजीच्या एका पाटलांकडे ड्रायव्हर होते. पाटलांची काळी अँबेसेडर होती. आबांनी ती इतकी वर्षं चालवली की गावात लोक गाडीला पाटलांची आणि आवाजाला आबांचा म्हणून ओळखायचे. पुढं पाटलांनी जीप घेतली आणि काळी आबांना विकली. पाटलांनी जो भाव सांगितला त्याला आबांनी मान हलवली. बस. एक शब्द घासाघीस नाही. मी तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा होतो, पण व्यवहार मला कळत होता, आणि त्या दिवशी आबांवर मी जो रागावलो तो राग मी नंतर काटकसरीनं पुष्कळ वर्षं वापरला. माय मात्र त्या संध्याकाळी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसली. आधी नको नको म्हणत होती, तिथं पाटलीणबाई बसतात म्हणाली. आता नाही बसत, असं आबा म्हणाले. मग तिनं पदरानं सीट पुसली, स्वतःचे पायही पुसले आणि बसली. स्टेशनापर्यंत जाऊन परत आली. घरी आल्यावर थेट चुलीपुढं बसली, भाकरी थापत राहिली.

त्यानंतर आम्ही मलकापूरला राहायला आलो. रेल्वे लाइनच्या पलीकडं दोन खोल्या, वर पत्रा, पुढं अंगण. मालगाडी शंटिंग करायची तेव्हा मांडणीतली भांडी आपोआप वाजायची, आणि जिनिंगच्या हंगामात सरकीचा वास गोधडीतसुद्धा शिरायचा. आबा काळी भाड्यानं फिरवायचे. लग्नाची वऱ्हाडं, स्टेशनावरून बुलढाण्याला जाणारे साहेब लोक, बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट बाकड्यासारखी सलग, त्यामुळं पुढं तिघं, मागं चौघं आणि मांडीवर पोरं असा तिचा संसार होता. थंडीत ती नुसत्या चावीनं उठायची नाही. आबा पुढून लोखंडी हँडल घालून दोन फेरे द्यायचे आणि तिसऱ्याला ती खाकरायची, म्हाताऱ्या माणसासारखी. दार लावलं की बँकेची तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा.

माझी गाडी लाल होती. आठशे सीसीची, सगळे तिला नुसतं आठशे म्हणायचे. तीही जुनीच, पण काळीच्या मानानं नातीच्या वयाची. मी तेव्हा भंगार ट्रॅक्टर, मोटारपंप, जे मिळेल ते एकाकडून घेऊन दुसऱ्याला विकत होतो. लाल गाडी मी एका डॉक्टरांकडून घेतली आणि ती कशी घेतली हे मी त्या काळी न विचारता सांगायचो. सौद्यात जो आधी तोंड उघडतो तो मेला, हा माझा पहिला नियम. मी माझा आकडा सांगितला आणि डॉक्टरांच्या ओट्यावर गप्प बसलो. पेशंट आले, गेले. कंपाउंडरनं दोनदा झाडलं. दुपारी डॉक्टर जेवून आले तरी मी तिथंच. शेवटी ते बाहेर येऊन म्हणाले, घेऊन जा बाबा एकदाची. गाडी आणली ती काळीच्या नाकाला नाक लावून अंगणात उभी केली. सीटवरचं प्लास्टिक डॉक्टरांनी काढलं नव्हतं, मीही काढलं नाही. मागच्या सीटवर तर मी कोणाला बसूच देत नव्हतो. धंद्याला जायचं तर एकटा जायचो, फार तर पुढं एक माणूस.

आता जे एक काम व्हायला पाहिजे होतं ते एवढंच, की आबांनी म्हणावं, चाल रे, पाहू तुझी गाडी कशी पळते. एवढं वाक्य. त्यासाठीच तर ती गाडी घेतली होती असं आज म्हणायला हरकत नाही. तेव्हा मी ते कबूल केलं नसतं. आबा सकाळी उठायचे, बादली भरायचे, काळी धुवायचे, तिचे दिवे पुसायचे. लाल गाडी दोन हातांवर उभी, तिच्यावर शिंतोडा उडू नये म्हणून जरा वळून उभे राहायचे, पण हात म्हणून लावायचे नाहीत. मी दारात दात घासत बघत असायचो. मी माझा पहिला नियम पाळत होतो. आपण आधी बोलायचं नाही.

एक दिवस गेला, महिना गेला, वर्ष गेलं. माझ्याकडं आबांविरुद्धच्या पुराव्यांचा चांगला साठा झाला. नांदुऱ्याला नात्यात मयत झाली तेव्हा काळीचं काम निघालं होतं, लाल गाडी अंगणात तयार उभी, आणि आबा टोपी घालून सरळ एसटी स्टँडकडं चालत गेले. मी चिडून दिवसभर जेवलो नाही. दुसरा पुरावा तर फारच जबरदस्त. एकदा लाल गाडीची बॅटरी बसली. आबा आले, मागून ढकलायला लागले. रेल्वे फाटकापर्यंत ढकलली. गाडी चालू झाली आणि मी तशीच दामटली. आरशात बघितलं तर आबा रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे. माझ्या मनात काय आलं असेल? बघा, ढकलायला येतात, बसायला येत नाहीत. हा प्रसंग मी त्या काळी मित्रांना आबांच्या हट्टाचं उदाहरण म्हणून सांगितला आहे. एकाही मित्रानं मला वेडा म्हटलं नाही. मित्रही तसलेच होते.

घरात उघड भांडण व्हायचं ते जेवताना, आणि तेही आबांबद्दल नाही, गाड्यांबद्दल. माय फुनके करायची, तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, सोबत ताकाची कढी, आणि मी मुटका फोडता फोडता सुरू व्हायचो. लाल गाडी एका लिटरमधे जिथं पोचते तिथं काळीला दोन लागतात. लाल हाताच्या बोटानं वळते, काळीला वळवायला पैलवान लागतो. लाल राजूर घाट एका दमात चढते, काळी दुसऱ्या वळणावर वाफा सोडते. आबा कढी भुरकत ऐकून घ्यायचे. फार झालं की म्हणायचे, "हाव, ते बराबर हाये." भांडणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान नसतो. माझा आवाज चढायचा, ताट सरकवलं जायचं, आणि माय म्हणायची की आवाज गाडीले ठेव, घरात माणसं राह्यतात.

शेवटी मी डाव आखला. काळी विकायची. कारण सांगायला जागेचं होतं, पेट्रोलचं होतं, आबांच्या गुडघ्याचं होतं. खरं कारण असं की काळी गेली म्हणजे हा माणूस कशात बसेल? घरात दुसरी गाडीच राहणार नाही. झक मारत माझ्या गाडीत येतील. मी दोन दिवस बोलायची तयारी केली आणि तिसऱ्या दिवशी विषय काढला. आबा तंबाखू मळत होते. मळून झाली, चिमूट तोंडात गेली, आणि म्हणाले, "विक." माझी तयारी वाया गेली याचाही मला थोडा रागच आला.

गिऱ्हाईक मीच शोधलं. लोणार तालुक्यातल्या बीबीचे गनीभाई म्हणून ढोरांचे व्यापारी होते, बैलांच्या खरेदीला आमच्या भागात यायचे, तेव्हा आमच्या अंगणावरूनच जायचे. त्यांना घरची बायामाणसं नेण्या-आणण्यासाठी मोठी गाडी हवी होती. एका सकाळी ते आले, सोबत स्टिअरिंग धरणारा भाचा. गनीभाईंनी काळीला बैलासारखी पाहिली. आधी लांबून चारी बाजूंनी फिरले. मग टायरवर हात फिरवला, बॉनेटवर थाप मारली, खाली वाकून बघितलं. आबांना ती चालवून दाखवायला सांगितली आणि स्वतः रस्त्यावर उभे राहून कान देऊन ऐकली. माय चहा घेऊन आली. मग गनीभाईंनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखाली बोटं धरून आमचा भाव सुरू झाला. ढोरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, बोटांनी बोलतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मी तरबेज होतो. ते दोन बोटं दाबायचे, मी तीन. ते कपाळाला आठी घालायचे, मी आभाळाकडं बघायचो. चहा निवला तरी मी सोडलं नाही आणि अखेर मला पाहिजे होतं तिथं मी त्यांना आणलं. आणलं म्हणजे अगदी आणलंच होतं.

आणि मग गनीभाईंनी रुमाल तसाच ठेवून आबांकडं मान वळवली. बाजाराचा रिवाज असा की भाव ठरला तरी हात सोडण्याआधी घेणारा एक प्रश्न विचारतो. मारका आहे का, बसका आहे का, कुठं अडतो का. विकणाऱ्यानं तेव्हा खरं सांगायचं. लपवलं आणि नंतर निघालं तर बैल परत येतो आणि इज्जत जाते.

"मामू, खोड बोलो," गनीभाई म्हणाले.

मी आबांकडं डोळे वटारले. आबांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते गाडीजवळ गेले, तिच्या मडगार्डवर हात ठेवला आणि सांगायला लागले. थंडीत हँडलशिवाय उठत नाही. राजूर घाटात दुसऱ्या वळणावर तापते, तिथं पाच मिनिटं थांबून पाणी द्यायचं, पण थंड पाणी एकदम ओतायचं नाही, नाही तर रुसते. ब्रेक एकदा दाबून लागत नाही, दोनदा दाबायचा. उजवीकडं पूर्ण वळवली की हॉर्न आपोआप वाजतो. पावसात काच पुसायचा दांडा मधेच थांबतो, आतून काचेवर टिचकी मारली की चालतो. सांगत होते आणि चेहरा असा, जसा कोणी लेकीच्या सासरी तिच्या आवडीनिवडी सांगावा. एकेका खोडीला रुमालाखालचं माझं एकेक बोट ढिलं पडत होतं.

मी उसळलो. रुमाल झटकला. आबांना म्हणालो, आता तिचा लहानपणीचा गोवरही सांगा. मग गनीभाईंकडं वळून धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती केली, दुसरा माल पुढं केला. म्हणालो, गनीभाई, म्हातारीचं सोडा, ही लाल पाहा. हिच्यात खोड नावाला नाही. सोन्यासारखी गाडी आहे. तेवढ्या एका क्षणी मी ती खरोखर विकायला निघालो होतो. रागात मी काय काय विकायला काढलं आहे याची यादी केली तर बायकोसुद्धा दचकेल.

गनीभाईंनी लाल गाडीकडं बघितलं. चक्कर मारली नाही, थाप मारली नाही. आबांना विचारलं, "मामू, इसकी खोड?"

"मले नाही मालूम," आबा म्हणाले. "मी बसलो नाही तिच्यात."

"दो साल से अंगण में खडी है ना?"

"हाव. पोरानं बस म्हणलं नाही अजून."

एवढंच. तक्रार नाही, टोमणा नाही. राजूर घाटात पाणी कुठं मिळतं ते सांगावं तसं सांगितलं. मी म्हणालो, याच्यात बस काय म्हणायचं, घरची गाडी आहे, तुम्हाला कोणी अडवलं होतं? आबा माझ्याकडं जरा नवलानंच बघायला लागले. "गाडीवाल्यानं म्हणल्याबिगर गाडीत बसत नाही बाबू," ते म्हणाले. "जलमभर तेच केलं. तुही गाडी. तुले कोणाले बसवायचं ते तू पाहशीन. तू तं मांगच्या सीटवर कोणाले टेकूबी देत नाहीस."

गनीभाई हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. रुमाल खांद्यावर टाकून मला म्हणाले, "भाऊ, जिसकी खोड मालूम है वो मैं ले जाता. जिसमें बाप नहीं बैठा वो गाडी मैं कायकू लेऊ?" आणि गंमत म्हणजे काळीला त्यांनी बोटांनी ठरलेल्या भावापेक्षा फार कमी दिलं नाही. म्हणजे घासाघीस न करता, सगळ्या खोडी सांगून, आबांनी जवळजवळ तोच भाव आणला जो मी दीड तास बोटं मोडून आणला होता. हे मला अजून पटलेलं नाही. मी पुष्कळ विचार केला आहे, यात काहीतरी चूक आहे.

भाच्यानं काळी बाहेर काढली. आबा अंगणात उभे. फाटकाजवळ तिनं गिअर बदलला तेव्हा आबांचा डावा हात जागच्या जागी जरासा हलला. मग आवाज गेला. अंगणात मी, आबा आणि लाल गाडी. माय रिकाम्या कपबशा गोळा करत होती. ती खालमानेनंच मला म्हणाली, "दोन वर्स तू काय त्याईच्याकडून भाव सांगायची वाट पाहून राह्यला होता का बे?"

मला बोलता आलं असतं तर मी दोन वर्षं गप्प का बसलो असतो? मी चावी घेतली. गाडीचं एक टायर विनाकारण लाथेनं तपासलं. मग भांडण करायच्या आवाजात म्हणालो, "बसा."

आबा आत गेले. मला वाटलं, गेले, आता येत नाहीत. पण ते हातपाय धुऊन, लग्नाला घालायचा सदरा घालून, टोपी नीट करून आले. पुढचं दार मी उघडं ठेवलं होतं. त्यांनी ते लावून घेतलं आणि मागं बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा मागचं प्लास्टिक कुरकुरलं. मी बुलढाण्याच्या रस्त्यानं निघालो. त्या दिवशी मी जितकी वाईट गाडी चालवली तितकी शिकतानासुद्धा चालवली नव्हती. दोनदा बंद पाडली. एका एसटीनं मला शिव्या घातल्या. मागं आबा गुडघे छातीशी घेऊन त्या डबड्यात बसलेले, टोपी छताला टेकलेली. मोताळ्याच्या अलीकडं एका चहाच्या टपरीशी गाडी थांबवली, उतरलो, दोन चहा सांगितले. वळून बघतो तर आबा गाडीतच. चहा आला, तरी गाडीतच. समोर बघत शांत बसलेले. माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. बसा म्हटलं तर आता उतरायलाही आमंत्रण पाहिजे का? चहावर साय धरली. मी तरातरा गेलो, काय काय बोलायचं ते जुळवलं, आणि खसकन दार ओढलं.

"आतून उघडत नाही," आबा म्हणाले, आणि उतरले. "गनीभाईले हे सांगायला पाह्यजे होतं."

मला ते माहीत नव्हतं. दोन वर्षं वापरलेल्या माझ्या सोन्यासारख्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही हे मला माहीत नव्हतं, कारण मागं कधी कोणी बसलंच नव्हतं. टपरीवाला विचारत होता की चहा गरम करून देऊ का. आबांनी तो सायीसकट तसाच पिऊन टाकला.

पैसे दिले आणि मी चावी पुढं केली. "चालवता का?" आबांनी धोतराला हात पुसले, चावी घेतली. मी पुढच्या सीटकडं निघालो तर म्हणाले, "मांगं बस. बाजूले कोणी बसलं का मले सुधरत नाही." म्हणून मी मागं बसलो. कसला गिअर नि कसला ब्रेक, गाडी पाण्यावरून जावी तशी निघाली. ती माझीच गाडी आहे यावर विश्वास बसेना. आणि समोर आबांची पाठ. मान ताठ, टोपीखाली पिकलेले बारीक केस, कानामागं एक जुना व्रण. हा व्रण मी कधी पाहिला नव्हता. मुलगा बापाला समोरून बघतो, भांडायला तेच बरं पडतं. वडनेरचे पाटील रोज ज्या पाठीकडं बघत बसायचे ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो, आणि नांदुरा, रेल्वे फाटक, टोपी घालून एसटी स्टँडकडं जाणारी तीच पाठ, सगळं मला ओळीनं दिसत होतं. माझ्याकडं बोलायला पुष्कळ होतं. मी बोललो नाही. या वेळी नियमामुळं नाही.

अंगणात गाडी थांबली. माय दारात आली होती. आबा उतरले, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. ते आतून उघडत नव्हतं म्हणून, की इतक्या वर्षांच्या सवयीनं, ते मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. ते दार धरून उभे होते आणि मला काही जागचं हलता येईना.

"उतर बे," आबा म्हणाले.